गुडघ्यातली कपबशी

न्हावऱ्याहून मांडवगण फराट्याकडं निघालं की मधे उसाच्या फडांत दडलेली बोरवाडी लागते. तिथं सिंधूबाईंच्या घरात, फळीवर, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्या डब्यात त्यांच्या सासरच्या माणसांची हाडं आहेत. नव्या पाहुण्याला हे असंच सांगायचं आणि त्याचा चेहरा बघत बसायचं, ही शेजारच्या मालनबाईंची जुनी खोड.

हाडं म्हणजे एक्स-रेच्या फिल्मा. घरातली औषधं संपतात, दुखणी बरी होतात, कधी माणूसही जातो, पण एक्स-रे मात्र जात नाही. तो गादीखाली नाहीतर कपाटामागं वर्षानुवर्षं पडून असतो. टाकवत नाही, आणि त्याचं करायचं काय तेही कुणाला कळत नाही. सिंधूबाईंना कळलं. त्यांचे यजमान बबनराव कांद्याच्या गोण्यांवर पत्र्याच्या छापातून आपलं नाव उठवायचे, ते त्या लग्न होऊन आल्यापासून बघत होत्या. पत्र्यानं बोटं कापतात, पण फिल्म मऊ असते, ब्लेडनं हवी तशी वळते. सिंधूबाईंनी सासूबाईंच्या कमरेच्या फिल्ममधून कोयरी कापली. थोरल्या मुलाला, ज्ञानेशला, सणसवाडीच्या कंपनीत घेताना छातीचा फोटो काढायला लावला होता, त्या छातीत पोपट बसवला. आणि शेजारच्या रानातला ऊस आपल्यापेक्षा उंच आहे की काय हे बघण्याच्या नादात बबनराव मोटारसायकलसकट पाटाच्या चारीत गेले, तेव्हा त्यांच्या गुडघ्याची वाटी तडकली होती. त्या वाटीच्या जागी सिंधूबाईंनी कपबशी कापली.

कपबशीला कारण मालनबाईच. भाचीच्या साखरपुड्याला नेसायची म्हणून काढून ठेवलेली पिवळी साडी, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिच्या पदरावर चहा. डाग असा गोल बसला होता की जणू कुणी बशीच टेकवली. मालनबाई रडत आल्या. सिंधूबाईंनी पदर उजेडात धरला आणि त्यांना हसू आलं.

"डाग काय झाकायचा, मालन? त्याला कामाला लावायचं."

त्यांनी डागावर फिल्म चिकटपट्टीनं बसवली. ज्ञानेशनं कंपनीतून आणलेला पॅकिंगचा फोम शिरूरहून आणलेल्या कापडाच्या रंगात बुडवला, आधी वर्तमानपत्रावर टिपून कोरडा केला आणि मग हलक्या हातानं थोपटला. फोम ओला राहिला की रंग फिल्मखाली पळतो आणि कपाला मिशा फुटतात. फिल्म उचलली तर डागाची बशी झाली होती आणि तिच्यावर कप. वाफा काढायला मेंदीचा कोन वापरला. एक कपबशी एकटी दिसते म्हणून पदरभर आणखी उमटवल्या. वाळल्यावर उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो, आणि हे शेवटचं काम मात्र बबनरावांचं. कारण त्या घरातल्या इस्त्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

साखरपुड्यात नवरीपेक्षा मालनबाईंच्या पदराकडंच जास्त बायका बघत होत्या. त्यानंतर वाडीत डागांची रांग लागली. हळदीचे डाग आले, केळीच्या चिकाचे आले, डाळिंबाचे आले. ज्यांच्याकडं डाग नव्हता त्यांनी मुद्दाम पाडून घेतला असंही मालनबाई म्हणतात, पण त्यांचं सगळंच खरं धरायचं नसतं.

बबनरावांना हा सगळा पोरखेळ वाटे. "माझ्या हाडांचा बाजार मांडलाय हिनं," असं ते चारचौघांत म्हणत. त्यांचं सगळं जग पांढरं. पांढरा शर्ट, पांढरी विजार, खिशात पांढरा रुमाल, सगळ्यांना कांजी आणि चाकूसारखी इस्त्री. कुठं बसायचं झालं तर आधी खुर्चीला फुंकर, मग खुर्चीवर रुमाल, मग बबनराव. या पांढऱ्या कपड्यांत त्यांना एकच गोष्ट कमी वाटत होती, ती म्हणजे ग्रामपंचायतीचं मेंबरपद. मागच्या खेपेला ते थोडक्यात पडले होते. या खेपेसाठी त्यांनी शिरूरच्या टेलरकडून एक नवा शर्ट शिवून आणला होता आणि तो पेटीत प्लॅस्टिकमधे जपून ठेवला होता.

"निकालाच्या दिशी घालनार," ते सिंधूबाईंना म्हणाले होते. "आन् ह्याच्यावर गुलाल पडला का धुवायचा न्हाई. जल्मभर तसाच ठिवायचा."

ज्या माणसानं शर्टावर कधी भाजीचा शिंतोडा पडू दिला नाही, तो डाग पडावा म्हणून शर्ट शिवून आणतो, याचं सिंधूबाईंना हसूही आलं आणि कुठंतरी आत तुटलंही.

तर निवडणूक लागायची कुणकुण आली आणि बबनरावांच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना शिरली. सगळ्या वॉर्डातल्या बायका अंगावर कपबशी घेऊन हिंडतायत. आपण चिन्हच कपबशी मागून घेतलं तर? प्रचार आधीच झालेला, आणि आचारसंहितेचा बापही त्याला हात लावू शकत नाही! दुसऱ्या दिवशी ते स्वतः शिरूरला जाऊन रंगाच्या बाटल्या घेऊन आले.

"पोपट बंद. कोयरी बंद. निस्त्या कपबश्या हान."

सिंधूबाईंना निव्वळ कपबश्यांचा कंटाळा आला होता. पण नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कामाला हातभार लावला होता, तो मोडवेना. त्यांनी साड्यांवर कपबश्या उमटवल्या, परकरांवर, ब्लाउजांवर, दुपट्ट्यांवर, उशांच्या खोळींवर, दळणाच्या पिशव्यांवर उमटवल्या. बबनराव माजघरात बसून घाम गाळत इस्त्री फिरवत होते. नवराबायकोनं इतका वेळ एकत्र बसून काढल्याला वर्षं लोटली होती.

अर्ज भरले गेले, माघारी झाल्या, आणि समोर उरला एकटा मच्छिंद्र. बबनरावांच्या भावकीतलाच, वयानं धाकटा, दूध डेअरीवाला. बायकांच्या अंगावरच्या कपबश्या त्यालाही दिसत होत्या, त्याचेही डोळे फुटले नव्हते. चिन्हवाटपाला दोघांनीही कपबशीच मागितली. चिठ्ठी टाकली गेली. कपबशी मच्छिंद्रला गेली.

बबनरावांना इस्त्री मिळाली.

ते घरी आले तेव्हा सिंधूबाई मालनबाईंच्या नातीच्या झग्यावर कपबशी थोपटत होत्या.

"थांबव! थांबव ते!" बबनराव दारातूनच ओरडले. "त्या मच्छ्याचा प्रचार करायलीस तू!"

झाला प्रकार ऐकून मालनबाईंना हसू आवरेना. हसू आवरायला त्या पदर तोंडाशी न्यायच्या आणि पदरावर कपबश्या, त्या बघून बबनराव आणखी भडकायचे. शेवटी त्यांनी हुकूम काढला की वॉर्डातल्या एकूण एक कपबशीची इस्त्री करून टाकायची. कान आहेच, त्याची मूठ करायची. कप आहे, त्याचं पोट करायचं. पुढं एक टोक काढलं की झाली इस्त्री!

सिंधूबाईंनी हे होणार नाही असं सांगून पाहिलं, पण नवरा ऐकेना, म्हणून मालनबाईंच्या पदरावरच करून दाखवलं. कपाला टोक आलं, कान मागं राहिला, बशी खाली बसली. तिघांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"ही तर खुडूक कोंबडी," मालनबाई म्हणाल्या. "अंड्यांवर बसलीय बघा."

दुसऱ्या दिवशी चार बायका साड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आमच्यावर इस्त्री नको, पण ती कोंबडी काढा. बबनरावांचा तोल गेला. त्यांनी फळीवरचा डबा काढला आणि सिंधूबाईंच्या समोर दणकन ठेवला.

"ह्या डब्यानं मला पाडायचं ठरवलंय. ध्यानात ठिव, मी पडलो तर निकालाच्या दिशी हा डबा चुलीत."

त्या दिवशी सिंधूबाईंनी डबा दोनदा पुसला. सगळं आयुष्य कुणाची सून, कुणाची मंडळी, कुणाची आई म्हणून गेलं. गोणीवर नाव नवऱ्याचं, सातबाऱ्यावर नवऱ्याचं. या डब्यातलं काम तेवढं बघून लोक म्हणत, हे सिंधूबाईंचं. ते चुलीत जाणार म्हटल्यावर त्यांना भाकरी गोड लागेना. नवरा निवडून यावा म्हणून त्यांनी देवाला नारळ कबूल केला. नवऱ्यासाठी की डब्यासाठी ते देवालाही सांगितलं नाही.

आणि मग एक दिवस बबनराव शीळ घालत घरात आले. शीळ घालणारे बबनराव म्हणजे काहीतरी भानगड, हे सिंधूबाईंना ठाऊक होतं.

"तुझंच म्हननं हाय न्हवं, डाग झाकायचा न्हाई, कामाला लावायचं? लावलं म्या. तालुक्याला फोन केला. नाव न्हाई सांगितलं. म्हनलं, एक उमेदवार बायांना कपबशीचे कपडे वाटतोय."

"अवं, पर ते तर आपुन…"

"गप! कुनी इचारलं तर मला म्हाईत न्हाई म्हनायचं. मच्छ्या आत, मी निवडून, आन् डबा तुझा. ठरलं?"

सिंधूबाईंनी डब्याकडं पाहिलं आणि मान हलवली. आवडलं नाही त्यांना, पण हलवली.

दुसऱ्याच दिवशी तालुक्याहून भरारी पथकाची गाडी आली. गाडीतून एक तरुण मॅडम उतरल्या, मागून व्हिडिओवाला, मागून पोलीस. नळावर बायका होत्याच. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा फिरवला तर जिकडं तिकडं कपबश्या. एक म्हातारी कपबशीचा रुमाल डोक्याला बांधून शेळ्या वळत होती, तिचंही चित्र घेतलं गेलं. मच्छिंद्रला डेअरीतून बोलावलं. तो दुधाचे हात पुसत आला आणि समोरचं बघून घामाघूम झाला.

"मॅडम, आईशप्पत, मी एक चिंधी सुदीक वाटली न्हाई!"

"मग हे आलं कुठून? आभाळातून पडलं?"

मच्छिंद्रनं केविलवाण्या नजरेनं सिंधूबाईंकडं पाहिलं. साऱ्या बायकांनीच पाहिलं. बबनराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एका बाजूला उभे राहून ढगांचा अभ्यास करत होते. मालनबाईंना डब्याची धमकी ठाऊक होती, म्हणून त्या कधी नव्हे त्या गप्प होत्या. सिंधूबाईंनीही ओठ घट्ट मिटले.

मॅडमनी मालनबाईंचा पदर हातात घेऊन निरखला. "सगळं एकसारखं आहे. मशीनचं काम दिसतंय. बाहेरून गठ्ठ्यानं माल आणलेला असणार."

सिंधूबाईंची कानशिलं तापली, पण त्यांनी गिळलं. मशीनचं म्हणाली, म्हणजे एका अर्थी कौतुकच केलं म्हणायचं.

"आणि तोही हलक्यातला," मॅडम पुढं म्हणाल्या. "दोन धुण्यांत उडून जाईल."

"कुठं उडतंय?"

कोण बोललं म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. सिंधूबाई पुढं झाल्या होत्या. त्यांचं त्यांनाही नंतर आठवेना की पाय कसे उचलले.

"धा येळा खळखळून धुतलाय ह्यो पदर, इचारा हिला! मशीनचं म्हनं! मशीनला डागाचं माप घिता येतं व्हय? ह्यो बशीखाली चहाचा डाग हाय, दिसतोय का? न्हाई ना दिसत? ह्ये माझ्या हातचं हाय. वॉर्डातलं समदं माझ्या हातचं हाय!"

बबनरावांनी ढगांचा अभ्यास थांबवला.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी त्येंची मंडळी," सिंधूबाईंनी बबनरावांकडं बोट केलं. "इस्त्रीवाल्यांची."

मॅडमना आधी पटेचना. उमेदवाराची बायको गावभर विरोधी उमेदवाराचं चिन्ह का छापेल? त्या म्हणाल्या, करून दाखवा. सिंधूबाई डबा घेऊन आल्या. पांढरं कापड कुणाकडं आहे म्हणेपर्यंत त्यांनी नवऱ्याच्या खिशातला रुमाल उपसला होता. फिल्म बसवली, फोम टिपला, थोपटला, फिल्म उचलली. झकास कपबशी. मॅडमनी फिल्म उन्हात धरून पाहिली. कपाच्या भोवती हाडं होती आणि कोपऱ्यात इंग्रजीत बबनरावांचं नाव होतं.

"हे काय आहे?"

"त्येंचा गुडघा."

व्हिडिओवाला इतका हसला की चित्रण हललं. मॅडम हसल्या नाहीत, कारण त्या ड्युटीवर होत्या, पण त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. मग वळून त्यांनी मच्छिंद्रला सोडून दिलं, बबनरावांना दोन शब्द सुनावले, रुमाल पुरावा म्हणून जमा केला आणि बायकांना बजावलं की मतदानाला येताना अंगावर कपबशी दिसता कामा नये. सिंधूबाईंचं मात्र त्यांच्या बाहीकडं लक्ष होतं. तिथं शाईचा डाग होता.

"मॅडम, येवडं फुलपाखरू करून देऊ का तिथं? लई झ्याक बसंल."

"आचारसंहिता संपल्यावर बघू," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्या दिवसापासून निकालापर्यंत बबनराव घरात बोलले नाहीत. प्रचारात हात जोडून बोलायचे, घरी आले की तोंडाला कुलूप. सिंधूबाईही बोलल्या नाहीत. आपण बोललो ते खरं होतं, पण खरं बोलायचं म्हणून बोललो नाही, हलक्यातलं म्हटलं म्हणून बोललो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि म्हणून मोठेपणाही मिरवता येत नव्हता. मतदानाच्या दिवशी वॉर्डातल्या बायका ब्लाउज उलटे घालून, शिवणी बाहेर, पदर आत खोचून केंद्रावर गेल्या. वॉर्डाचं असं उलटं रूप आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

निकालाच्या सकाळी बबनरावांनी पेटीतला नवा शर्ट काढला. त्याला स्वतः इस्त्री केली, घातला आणि शिरूरला मोजणीला गेले.

ते पडले. या खेपेलाही थोडक्यातच.

दुपारी उसाच्या फडामागून आधी हलगी ऐकू आली, मग डीजे. मच्छिंद्रची मिरवणूक दारावरून निघाली. तो ओळखू येत नव्हता, डोक्यापासून पायापर्यंत नुसता गुलाल. सिंधूबाईंना बघून त्यानं मिरवणूक थांबवली आणि येऊन पाया पडला.

"वैनी, तुमी व्हता म्हनून वाचलो. दादा कुठं हायेत? त्यास्नी येक बोट गुलाल लावतो."

"माझ्या कापडाला हात लावायचा न्हाई!" आतून आवाज आला.

मिरवणूक पुढं गेली. सिंधूबाई आत आल्या. बबनराव खाटेवर बसले होते. खुर्चीला फुंकर मारणारा माणूस, आज खाटेवर रुमाल न टाकताच बसला होता. शर्ट मात्र सकाळी घातला तसाच होता. धुळीचा नव्हता, घामाचा नव्हता, एक ठिपका नव्हता त्याच्यावर. सिंधूबाईंनी आयुष्यभर डाग पडलेले कपडे बघितले होते, पण डाग नाही म्हणून रडावंसं वाटणारं कापड त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

"डबा आन," बबनराव म्हणाले.

सिंधूबाईंनी डबा आणला. चूल पेटलेलीच होती. बबनरावांनी झाकण काढलं आणि वरची फिल्म उचलली. कपबशी. चुलीच्या जाळापुढं धरली तर त्यात त्यांचाच गुडघा उजळला, तडकलेल्या वाटीच्या जागी कपबशी. त्यांनी हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. तो अजूनही थंडीत दुखतो.

"हे राहू दे," ते म्हणाले आणि दुसरी उचलली. पोपट. पोपटाच्या दोन्ही बाजूंना ज्ञानेशच्या फासळ्या. "पोराची छाती कशी जाळायची? भलतंच!" तीही बाजूला. तिसरी कोयरी. ती त्यांनी बराच वेळ धरली. कोयरीभोवती त्यांच्या आईची कंबर होती. आई जाऊन किती वर्षं झाली, आणि तिचं असं काही घरात उरलं असेल हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आयला," बबनराव म्हणाले. "ह्यात जाळन्याजोगं कायच न्हाई की!"

त्यांनी सगळ्या फिल्मा परत डब्यात लावल्या आणि झाकण दाबून बसवलं. सिंधूबाईंनी तोवर लाल आणि गुलाबी रंगाच्या बाटल्या काढल्या होत्या.

"शर्ट काढा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"काढा म्हनते ना."

बबनरावांनी काढला. इतक्या वर्षांत सिंधूबाईंनी त्यांच्या पांढऱ्या कपड्याला रंग लावला नव्हता, लावू दिलाच नव्हता. त्यांनी शर्ट वर्तमानपत्रावर पसरला, दोन्ही रंग बशीत कालवले, फोम बुडवला, टिपून कोरडा केला आणि कुठलीच फिल्म न ठेवता खांद्यावर, छातीवर, कॉलरवर नुसतंच थोपटत गेल्या. कुठं दाट, कुठं फिकं, कुणीतरी मूठभर उधळावा तसं. बबनराव बनियनवर उभे राहून बघत होते. ओरडायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"गुलाल," सिंधूबाई म्हणाल्या. "तुमाला पायजे व्हता न्हवं."

बबनरावांनी नाक ओढलं. मग वाकून त्यांनी एका डागाला बोट लावून पाहिलं.

"धुतला का जाईल ह्यो?"

"वाळू द्या. मंग उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा, जल्मात जायचा न्हाई."

बबनराव सरळ झाले आणि इस्त्री आणायला आत गेले.